अप्पांची एकुलती एक दाद

त्या हॉलमध्ये शिरताना मला पहिला धक्का बसला तो खुर्च्यांचा. गाणं-वाजवणं ऐकायला जायचं म्हणजे दाराशी चपला काढायच्या, सतरंजीवर मांडी घालायची आणि कुणाच्या तरी गुडघ्याला गुडघा लावत हळूहळू पुढं सरकायचं, एवढंच मला लहानपणापासून ठाऊक. इथं लोक बूट घालून खुशाल आत चालले होते आणि बँकेत नंबर लागायची वाट बघावी तसे आपापल्या खुर्चीत गप्प बसत होते. बोलायचं झालं तर कुजबुजत. मी वळून अप्पांकडं पाहिलं. माझे वडील दारात थांबून पायातल्या वहाणा काढत होते.

"अप्पा, इथं काढत नाहीत."

"वाजवणार आहेत ना आत?"

"हो."

"मग काढायच्या," असं म्हणून त्यांनी वहाणा दाराच्या कडेला जोडीनं नीट लावल्या आणि अनवाणी आत गेले. धोतर, बंद गळ्याचा कोट, काळी टोपी, खांद्यावर उपरणं आणि पाय उघडे. दारावरचा माणूस आधी वहाणांकडं आणि मग माझ्याकडं बघत राहिला. मीही मुकाट्यानं माझ्या चपला काढून त्यांच्या शेजारी ठेवल्या. बापाला एकट्याला कसं जाऊ द्यायचं?

ही नव्वदीच्या मधल्या वर्षांतली गोष्ट. आम्ही मूळचे बेळगावचे. अप्पा तिथं शाळेत संगीत शिकवायचे आणि सकाळ-संध्याकाळ घरी व्हायोलिनच्या शिकवण्या घ्यायचे. आपल्या हिंदुस्थानी पद्धतीचं व्हायोलिन, म्हणजे जमिनीवर मांडी घालून, वाद्याचं डोकं पायाच्या घोट्याशी टेकवून वाजवायचं. मी थोरली. माझी बोटं या कामाची नाहीत हे त्यांच्या फार लवकर लक्षात आलं. "तू ऐकत बस," म्हणाले. मी ऐकत बसले. त्यामुळं आमच्या घरात वाजवणारी एक आणि ऐकणारी एक अशी वाटणी झाली. वाजवणारी म्हणजे माझी धाकटी बहीण, माझ्याहून दहा वर्षांनी लहान. तिची बोटं मात्र अप्पांना हवी तशी होती.

अप्पांची शिकवण्याची एक रीत सांगितली पाहिजे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही. मैफलीत दुसऱ्या कुणाचं वाजवणं ऐकताना अप्पा पोटभर दाद द्यायचे. "वाह" म्हणायचे, मान डोलवायचे, समेवर हात उचलायचे. पण स्वतःच्या शिष्याला त्यांच्या तोंडून कधी "वाह" गेला नाही. "गुरूनं दाद दिली की शिष्याचा हात थांबतो," असं त्यांचं म्हणणं. धाकटीनं कितीही जीव ओतला तरी अप्पा म्हणायचे, "पुढं." फार खूश असले तर म्हणायचे, "हं, पुढं." आई असताना ती चिडायची. "अहो, पोरगी आहे, एक शब्द बोलाल तर काय झिजाल काय?" म्हणायची. अप्पा हसायचे आणि व्हायोलिन पुसायला लागायचे.

दुसऱ्यांची दाद कशी घ्यायची हे मात्र त्यांनी तिला अगदी लहानपणी शिकवलं होतं. गणपतीत किंवा कुणाच्या माडीवर तिचं वाजवणं असलं आणि श्रोत्यांतून "वाह" आला की लगेच मान लववायची, उजवा हात गजासकट कपाळाला लावायचा आणि मग पुढं वाजवायचं. ऐकणाऱ्याचा मान राखलाच पाहिजे. एकदा ती विसरली तर घरी आल्यावर तिला जेवण मिळण्याआधी तोच नमस्कार कितीतरी वेळा करावा लागला. पुढं पुढं तो तिच्या अंगात इतका भिनला की स्वयंपाकघरात मी "वाह, काय चहा झालाय" म्हटलं तरी तिचा हात कपाळाकडं जायचा.

लग्न होऊन मी बेंगळूरला आले. यजमान यशवंतपूरच्या एका कारखान्यात आणि घरही तिथंच, मार्केटच्या मागं. धाकटी कॉलेजसाठी आमच्याकडं राहायला आली आणि इथंच सगळं बिनसलं. कँटोन्मेंटच्या बाजूला एक म्हातारे सर पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवायचे. ती मैत्रिणीबरोबर एकदा नुसती बघायला म्हणून गेली आणि पुढं जातच राहिली. मला कळलं तेव्हा तिनं समोर कागद मांडून, उभं राहून, व्हायोलिन हनुवटीखाली धरून वाजवायला सुरुवातही केली होती. अप्पांना सांगायचं कुणी?

सांगावं लागलंच नाही. न कळवता ते एके दिवशी सकाळच्या गाडीनं आले. उंबऱ्यात पिशवी घेऊन उभे राहिले तेव्हा धाकटी पुढच्या खोलीत वाजवत होती. तिनं थांबून त्यांच्याकडं पाहिलं. त्यांनी विचारलं, "मान दुखत नाही?" ती म्हणाली, "नाही." ते म्हणाले, "बरं." संध्याकाळच्या गाडीनं ते परत गेले. आरडाओरडा नाही, शिव्या नाहीत. त्या दिवसापासून वर्षभर दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलली नाहीत. मी कोपऱ्यावरच्या एसटीडी बूथवरून फोन करायची आणि पलीकडून यायचं, "तिला म्हणावं, थंडी पडलीय, कान बांधून जा." घरी येऊन मी सांगायची, तर ही म्हणायची, "त्यांना म्हणावं, बेंगळूरला एवढी थंडी नसते." माझा पार टपाल्या झाला होता. एवढं प्रेम उतू जातंय तर बोला की एकमेकांशी! पण दोघांचंही नाक एकाच साच्यातलं.

आणि मग सरांनी तिच्यासाठी युरोपातल्या एका संगीतशाळेत दोन वर्षांची जागा मिळवली. सगळं ठरलं, फक्त हिनं हो म्हणायचं बाकी होतं. ती मला म्हणाली, "अक्का, अप्पा जा म्हणाले तरच जाईन. नको म्हणाले तर सरांना नाही सांगून टाकीन. पण न ऐकता नको म्हणायचं नाही. एकदा समोर बसून ऐकायचं, मग काय ते बोलायचं." मी म्हटलं, तूच सांग की त्यांना. ती म्हणाली, "तू सांग."

फोनवर मी अप्पांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, "ऐकल्याशिवाय मी कुणालाच नको म्हटलेलं नाही. कधी आहे?"

असे आम्ही त्या हॉलमध्ये येऊन बसलो होतो. धाकटी दोन दिवस आधीच सरांकडं तालमीला जाऊन राहिली होती, त्यामुळं बापलेकीची गाठ पडलीच नव्हती. आमच्या शेजारी फुलाफुलांचा फ्रॉक घातलेल्या एक वयस्कर बाई बसल्या होत्या, मांडीवर पर्स, हातात छापील कागद. त्यांनी अप्पांच्या पायांकडं पाहिलं, मग हसून माझ्याकडं पाहिलं. बाई चांगल्या होत्या, हे आधीच सांगते, कारण पुढं त्यांनीच आम्हाला सगळ्यांत मोठ्यानं गप्प केलं.

चौघं आले. दोन व्हायोलिनं, एक जरा मोठं व्हायोलिन आणि एक गुडघ्यांत धरून वाजवायचं भलंमोठं. पहिल्या व्हायोलिनवर सर, दुसऱ्यावर आमची धाकटी. बाकीचे दोघं परदेशातून आलेलं एक जोडपं. धाकटीनं घोळदार काळा स्कर्ट घातला होता. केस मागं बांधलेले, कपाळ मोकळं, हातात बांगडी नाही. मी तिला जन्मापासून ओळखते, पण क्षणभर कुण्या परक्याची मुलगी बघतेय असं वाटलं. टाळ्या वाजल्या, चौघं वाकली, खुर्च्यांवर बसली. तिनं प्रेक्षकांकडं बघितलंसुद्धा नाही. समोरचा कागद सारखा केला आणि गज उचलला.

अप्पा हळूच म्हणाले, "परवानगी?"

आमच्याकडं मैफल सुरू करण्याआधी समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांकडं बघून हात जोडायचे असतात. त्यांनी मान हलवली की मग सुरुवात.

"इथं घेत नाहीत, अप्पा."

त्या संध्याकाळी मी किती वेळा "इथं नाहीत" म्हटलं देव जाणे.

पहिल्यांदा वाजवलं ते दोनशे वर्षांपूर्वीचं काहीतरी होतं, असं बाईंच्या हातातल्या कागदावर लिहिलं होतं. ऐकायला गोड. चौघांच्या सुरांची आपापसांत नुसती लगबग चाललेली. मला आवडलं, खोटं कशाला बोलू? अप्पांचा हात मांडीवर होता आणि बोटं ताल शोधत होती. थोड्या वेळानं ते माझ्याकडं वाकून म्हणाले, "सम कुठाय गे?" नंतर बोटं थांबली आणि हात नुसताच पडून राहिला.

तेवढ्यात वाजवणं थांबलं. मी खुशीत जोरजोरात टाळ्या वाजवल्या. आणि लक्षात आलं, अख्ख्या हॉलमध्ये मी एकटीच वाजवतेय. बाईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि इंग्रजीत कानात सांगितलं की हा पहिला भाग झाला, अजून तीन आहेत, टाळ्या एकदम शेवटी. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. लोक त्या मधल्या वेळात खोकून घेत होते. म्हणजे खोकायचं मध्ये आणि टाळ्या शेवटी! असली रीत मी आयुष्यात पाहिली नव्हती. एवढं चांगलं वाजवतात आणि लोक मूग गिळून बसतात, याचं वाजवणाऱ्यांना वाईट कसं वाटत नाही? बेळगावला अशी शांतता पसरली असती तर कलाकार समजला असता की आपलं आज काही खरं नाही.

मध्यंतरात बाहेर झाडाखाली चहा आणि केक होता. अप्पांनी दोन्ही घेतलं नाही. मला राहवेना. "कशी वाजवते?"

"चुकत नाही," अप्पा म्हणाले.

अप्पांच्या शब्दकोशात याहून मोठी शिवी नव्हती. ज्याच्या वाजवण्यात त्यांना काही सापडायचं नाही त्याच्याबद्दल ते म्हणायचे, "चुकत नाही बिचारा."

"चौघंही लिहिलेलं स्वच्छ वाचतात," ते पुढं म्हणाले. "पण ती कुठाय त्यात? मला तर ती दिसलीच नाही. बस किती वाजता आहे?"

आता मात्र माझं डोकं तापलं. वर्षभर या दोघांची हमाली केली ती हे ऐकायला? मी म्हटलं, "अप्पा, अर्धं ऐकून उठलासा तर ते नको म्हटल्यासारखंच झालं. ती आतून बघत असणार. पोरीचं सगळं तुमच्या एका शब्दावर अडलंय आणि तुम्हाला बसची पडलीय? पुरतं ऐका, मग काय ते बोला." मी त्यांच्याशी अशी कधी बोलले नव्हते. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, उपरणं झटकलं आणि अनवाणी पायांनी परत आत गेले.

मध्यंतरानंतर नवं संगीत होतं. सरांनी उभं राहून इंग्रजीत सांगितलं की हे लिहिणारा संगीतकार अजून हयात आहे, तरुण आहे, आणि यातली शांतताही तुम्ही ऐकावी अशी त्याची इच्छा आहे. मग ते बसले आणि सुरू झालं.

सुरू झालं म्हणजे काय, परदेशी बाईंनी आपल्या वाद्याच्या लाकडावर बोटांनी टकटक केलं. त्यांच्या नवऱ्यानं त्या भल्यामोठ्या वाद्यावर गज असा ओढला की जुन्या कपाटाचं दार करकरावं. सरांनी तारा नखांनी खरवडल्या. माझे डोळे पांढरे झाले. मला वाटलं, काहीतरी मोडलंय, आता थांबतील. कुणी थांबेना. लोक हनुवटीला हात लावून गंभीरपणे ऐकत होते. मी मनात म्हटलं, संपलं. सुरावरून सुरावर अलगद घसरत जाणारी सोन्यासारखी मींड शिकलेली पोर, आणि अप्पांना हे ऐकवायला बेळगावहून रात्रभर गाडीत बसवून आणलं. मला त्यांच्याकडं बघायचा धीर होईना. ओरडतील? उठतील? उठले तर मी उपरणं धरून खाली बसवीन, असंही ठरवलं.

ती टकटक, ती करकर कमी कमी होत गेली आणि एकेक जण थांबला. उरली एकटी धाकटी. तिनं एकच सूर धरला होता, इतका बारीक की तो कधीपासून चाललाय हे मला कळलंच नव्हतं. बाकी तिघांनी गज वर धरून ठेवले होते. हॉलमध्ये कुणी श्वाससुद्धा घेत नव्हतं. आणि तो सूर तिनं हळूहळू खाली ओढायला सुरुवात केली. पायरी नाही, खाच नाही, नुसता उतार. रिषभ येईल असं वाटलं, तर तिथं पोचायच्या आधीच ती थांबली, अशा जागी की जिथं पेटीला पट्टीच नसते.

ती जागा मला माहीत होती. मला वाजवता येत नाही, पण मी ऐकणारी आहे. तिच्या लहानपणी कितीतरी महिने पहाटे धाकटी तेवढीच जागा घोटत होती. दरबारी रागातला तो खाली झुकलेला, हलणारा गंधार. मी अंथरुणात पडून ऐकायची आणि अप्पा दर वेळी म्हणायचे, "पुढं." तो गंधार इथं, या बूटवाल्या लोकांच्या हॉलमध्ये, लाकूड ठोकणाऱ्या त्या संगीतात असा मधोमध येऊन बसला होता.

"वाह!"

आवाज माझ्या शेजारून आला. खणखणीत, समेवर उचलतात तसा हात उचलून दिलेला. अप्पांचा.

मी दगड झाले. हॉलमधली सगळी डोकी एकदम वळली. फ्रॉकवाल्या बाई खुर्चीतून अर्ध्या उठल्या आणि "शूऽऽ!" करून ओरडल्या. पण मी हादरले ती लोकांमुळं नाही. जन्मात जो शब्द त्यांनी तिला दिला नव्हता तो त्यांच्या तोंडून गेला होता, याचाच मला धक्का बसला होता.

आणि तिला? तिची मान लवली. गज तारेवरून उचलला गेला आणि गजासकट उजवा हात कपाळाला लागला. तिनं ठरवून केलं नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. बेळगावची परकरातली पोर क्षणभर तिथं खुर्चीवर बसली होती. आणि सूर तुटला.

त्या सुराच्या आधारानं बाकीच्यांनी आत यायचं होतं. परदेशी बाईंनी घाईनं सुरुवात केली, त्यांचा नवरा चुकीच्या जागी घुसला, सर एकटेच कुठंतरी तिसरीकडं. भांड्यांची मांडणी कोसळावी तसं सगळं एकमेकांवर येऊन पडलं. सरांनी गज वर केला आणि सगळे थांबले. मागं कुणीतरी खिदळलं. धाकटीचा हात अजून कपाळाजवळ होता. तिनं तो हात असा खाली घेतला जसा काही तो तिचा नव्हताच.

अप्पांचा वर गेलेला हातही अजून वरच होता. मी तो धरून खाली घेतला. "काय केलंसा अप्पा," मी दातओठ खात म्हटलं, "इथं देत नाहीत!"

त्यांच्याइतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नाही. त्यांनी उपरण्याचा बोळा केला आणि तोंडावर दाबून धरला. एका शब्दानं आपण पोरीची भर सभेत शोभा केली, हे त्यांना कळलं होतं. ज्यांची परवानगी घ्यायची होती त्यांनीच तिचा सूर तोडला होता. सरांनी उठून शांतपणे सांगितलं की आम्ही हे पहिल्यापासून वाजवू.

पुन्हा ती टकटक, पुन्हा ती करकर. या वेळी मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. मी अप्पांचं मनगट दोन्ही हातांनी धरून बसले होते. मला एवढंच समजत होतं की ती जागा जवळ येतेय. तिघं थांबले. धाकटीचा बारीक सूर उरला, उतरत गेला आणि गंधारावर येऊन टेकला. तिनं मान वर केली. सबंध संध्याकाळ जिनं कागदावरून डोळे काढले नव्हते, तिनं सरळ आमच्याकडं पाहिलं. सूर धरून ती बघत राहिली. आपल्या श्रोत्यांकडं बघतात तशी.

अप्पांनी डोळे मिटले होते. उपरणं तोंडावर तसंच. ब्र काढला नाही.

तिनं मान खाली घातली. बाकीचे तिघं बरोबर आपापल्या जागी आत आले आणि तुकडा शेवटपर्यंत नीट पार पडला. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. बाईंनी माझा हात दाबून "ब्युटिफुल" म्हटलं. मला फक्त तिचं ते बघणं दिसत होतं.

बाहेर आलो तर दाराशी आमच्या वहाणा-चपलांची जोडी तशीच होती, त्यांच्याभोवतीनं लोक वळसा घालून जात होते. अप्पांनी वहाणा पायात घातल्या आणि झाडाखाली जाऊन उभे राहिले. सर भेटायला आले. त्यांनी अप्पांचा हात हातात घेतला आणि हसत इंग्रजीत म्हणाले की आमच्याकडं आनंद शेवटपर्यंत आत धरून ठेवायची पद्धत आहे. मी मराठीत सांगितलं. अप्पा म्हणाले, "त्यांना म्हणावं, एवढा वेळ धरून ठेवला तर शिळा होतो की." एवढं मात्र मी इंग्रजीत सांगितलं नाही.

धाकटी पायऱ्या उतरून आली. व्हायोलिनची पेटी छातीशी धरलेली, डोळे लाल. मी धावत पुढं झाले. म्हटलं, आता ही तोंड सोडणार आणि झाडाखाली तमाशा होणार. "हे बघ," मी म्हटलं, "मुद्दाम नाही केलं त्यांनी. त्यांना इथली रीत ठाऊक नव्हती. तू रागावू नकोस..."

"सर गे अक्का बाजूला," ती म्हणाली आणि थेट अप्पांसमोर जाऊन उभी राहिली. वर्षभरानं ती त्यांच्याशी बोलली ते हे:

"पहिल्यांदा म्हणालासा. दुसऱ्यांदा का म्हणाला नाहीसा?"

मी बघतच राहिले. तिला पहिल्याचा राग नव्हताच. सूर तुटला, लोक हसले, त्याचं तिला काही नव्हतं. तिचा राग होता तो दुसऱ्या वेळच्या गप्प बसण्याचा.

"लोक काय म्हणतील म्हणून?" तिनं विचारलं.

"लोकांचं काय गे," अप्पा म्हणाले. "पहिल्यांदा तोंडातून गेलं, त्याला माझा इलाज नव्हता. मी देत नव्हतो ते उगाच नव्हे. बघितलीस नव्हं, हात थांबला तुझा."

"दुसऱ्यांदा मी बघत होते तुमच्याकडं."

"तेच तर. माझ्याकडं बघत होतीस. गंधार चढला."

मी मनात कपाळावर हात मारून घेतला. या माणसाला एवढ्या वेळात एक गोड शब्द सुचू नये?

"कणभर चढला," अप्पा म्हणाले. त्यांनी हात पुढं करून तिच्या मानेला, व्हायोलिन टेकून हनुवटीखाली उठलेल्या लाल वळावर बोट लावून पाहिलं आणि लगेच मागं घेतलं. "तिकडं जातीस नव्हं आता, तिथं तेवढा खाली आणून घे. आणि मी समोर नसताना वाजव."

धाकटीनं पेटी माझ्या हातात दिली. मला वाटलं, आता रडणार. तिनं मान लववली आणि रिकामा उजवा हात कपाळाला लावला.